बोअरचं पाणी, काथ्यासारखे केस आणि रात्रभराचा मास्क

पत्र:

नमस्कार. माझं माहेर रत्नागिरीचं. लग्नाला तीन वर्षं झाली, तेव्हापासून लातूरला आहे. केस कमरेच्या थोडे वर, दाट आणि जरा लाटदार. माहेरी असताना कंडिशनरची बाटलीसुद्धा कधी विकत घेतली नव्हती. इथं वापरायला बोअरचं पाणी आहे आणि केस काथ्यासारखे झालेत. आठ महिन्यांपूर्वी पुढच्या चार-पाच बटा हायलाइट करून घेतल्या, त्या तर नुसत्या पिंजारलेल्या असतात. सध्या शनिवारी रात्री भरपूर खोबरेल तेल लावते, रविवारी शॅम्पू करून अंडं, दही आणि केळं एकत्र करून अर्धा तास ठेवते. बुधवारी विकतचा डीप कंडिशनिंग मास्क पूर्ण डोक्याला लावून टोपी घालून झोपते, गुरुवारी सकाळी धुते. तरी मुळाशी केस चिप्प आणि टोकाला काथ्याच. गळतातही खूप. सासूबाई म्हणतात, हे सगळं बंद कर आणि शिकेकाई लाव. घरचा मास्क चांगला की विकतचा? किती वेळ ठेवायचा? रात्रभर ठेवला तर जास्त मुरतो ना?
– काथ्या, लातूर

उत्तर:

नमस्कार ताई. मुळाशी चिप्प आणि टोकाला राठ हे दोन्ही एकाच डोक्यावर दिसतं, तेव्हा केसांना पोषण कमी पडतंय असं समजून माणूस आणखी काहीतरी थापतो. तुमचंही तेच झालंय. तुम्ही लावताय ते पुष्कळ आहे. पण नको तिथे बसतंय, आणि हवं तिथे त्याला बसायला जागाच नाही.

आधी केसाचं वय काढू. कमरेच्या थोडे वर म्हणजे साधारण ६० सेंटीमीटर धरू. केस महिन्याला सरासरी सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १५. तुमच्या केसांची टोकं चार वर्षांची झाली. वरचे ४५ सेंटीमीटर लातुरात उगवले आणि शेवटचे १५, वीतभराला थोडे कमी, अजून रत्नागिरीचे आहेत. आठवड्यातून दोनदा धुता म्हटल्यावर त्या टोकांनी लातूरच्या पाण्याच्या तीनशेहून जास्त आंघोळी सोसल्या आहेत. मुळापासून चार बोटांवरचा केस मात्र सहा महिन्यांचा, अगदी कोवळा. टोकाला लागणारं औषध त्याला लावलं तर तो चिप्प बसणारच. एकाच केसाच्या दोन टोकांना दोन वेगळी वागणूक द्यायची, हे पहिलं.

केसाची रचना कौलारू छपरासारखी असते. बाहेरून पारदर्शक खवल्यांचे पाच ते दहा थर, एकावर एक, उतार मुळाकडून टोकाकडे. या कौलांवर जन्मतःच एक अतिशय पातळ मेणचट थर असतो. त्याच्यामुळे पाणी ओघळून जातं आणि केस एकमेकांवरून सुळकन सरकतात. हायलाइट करताना जे ब्लीच वापरतात ते अल्कधर्मी असतं. ते हा थर काढून टाकतं, आणि केस मृत असल्याने तो परत तयार होत नाही. उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार जास्त असतो. कंडिशनर आणि मास्कमधले मुख्य रेणू धन भाराचे असतात, म्हणून जिथे केस जास्त खराब तिथे ते आपोआप जास्त चिकटतात. कंडिशनिंग म्हणतात ते मुख्यतः एवढंच: गेलेल्या मेणचट थराच्या जागी तात्पुरता दुसरा थर बसवणं. ‘डीप’ हे विशेषण डब्यावर शोभतं, पण बहुतेक काम पृष्ठभागावरच चालतं. आणि तेच हवंय, कारण घासलं जातं, गुंततं आणि तुटतं ते पृष्ठभागापासूनच.

आता बोअरचं पाणी. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हेही धन भाराचेच. दर धुण्याला ते येतात आणि केसावरच्या त्याच जागा पकडून बसतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून कुणीतरी सीट धरून ठेवावी तसं. तुमचा मास्क मागून दारातून चढतो तेव्हा बऱ्याच जागांवर रुमाल पडलेले असतात. त्यावर शनिवारच्या तेलाचा राहिलेला थर आणि केळ्याचा गर. मास्क या सगळ्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. उरतो तो मुळाशी, कारण तिथे त्याची गरजच नव्हती आणि तिथून तो नीट धुतलाही जात नाही.

पाणी खरंच जड, म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं आहे का, हे घरीच बघता येतं. पाण्याच्या दोन सारख्या रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत पाव बाटली बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं. दोन्हींत अंगाच्या साध्या साबणाचे नखाएवढे चार कीस टाका आणि वीस वेळा जोरात हलवा. शॅम्पू किंवा बॉडी वॉश घेऊ नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो आणि काही कळत नाही. आरओच्या बाटलीत बोटभर फेस येऊन टिकेल. बोअरच्या बाटलीत फेस धरणार नाही, पाणी दुधाळ होईल आणि वर करड्या साका तरंगतील. ही साका म्हणजे बादलीच्या काठावर आणि गिझरच्या कॉइलवर जमणाऱ्या पांढऱ्या थराची सख्खी बहीण. आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेतून ‘एकूण कठीणपणा’, म्हणजे हाच जडपणा, तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आरओवाल्याच्या पेनासारख्या मीटरवर दिसतो तो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच मिळून; कठीणपणा नव्हे. त्यावरून अंदाज येतो, खात्री होत नाही.

तर पहिलं काम, रुमाल उचलणं. दुकानात ‘चिलेटिंग’ किंवा ‘हार्ड वॉटर’ असं स्पष्ट लिहिलेला शॅम्पू मागा. त्यात ईडीटीए, फायटिक ॲसिड किंवा सोडियम ग्लुकोनेट यांसारखा घटक असतो, जो कॅल्शियमला धरून पाण्याबरोबर बाहेर नेतो. साध्या शॅम्पूच्या यादीत अगदी शेवटी डायसोडियम ईडीटीए दिसेल, पण ते बहुधा शॅम्पू टिकावा म्हणून चिमूटभर घातलेलं असतं. तेवढ्याने आपलं भागत नाही. ‘क्लॅरिफायिंग’ शॅम्पू हा पुन्हा वेगळा प्रकार. तो तेल आणि जुना चिकटा छान काढतो, क्षारांवर त्याचा जोर कमी. पहिल्या वेळी चिलेटिंग शॅम्पू दोनदा करा: पहिला फेस लगेच धुवा, दुसरा तीन मिनिटं तसाच ठेवा. त्यानंतर तीन आठवड्यांतून एकदा पुरे. दर वेळी वापरलात तर केस करकरीत कोरडे होतील आणि दोष मास्कला द्याल.

तसा शॅम्पू मिळाला नाही तर एक लिटर आरओच्या पाण्यात १५ मिलिलिटर साधं पांढरं व्हिनेगर, म्हणजे एक टेबलस्पून, घाला. शॅम्पूनंतर हे पाणी लांबीवरून ओता, मिनिटभर थांबा, धुवा. पाणी आरओचंच हवं. बोअरच्या पाण्यात व्हिनेगर ओतलंत तर त्यातल्या आम्लाचा बराच भाग पाण्यातल्या क्षारांशी भांडण्यातच संपतो, केसापर्यंत पोचतो तो उरलासुरला. लिंबाचा रस थेट पिळू नका. तो फारच तीव्र आहे, आणि हायलाइट केलेल्या बटांना तर मुळीच नको. खाण्याचा सोडा हा याच्या बरोबर उलट चुकीचा. तो अल्कधर्मी असल्याने कौलं उचकटतात.

एक गोष्ट आवर्जून सांगायची. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी पुष्कळ घरांत बादलीत साठवतात आणि धुण्यापुसण्याला वापरतात. लादीला ते ठीक आहे. पण मशिनने गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, म्हणजे ते बोअरपेक्षाही जड. ते केसांवर घेऊ नका. उलट पिण्याच्या बाजूचं दोन लिटर पाणी तांब्यात काढून शेवटी केसांवरून ओता. सगळे केस आरओने धुण्याची गरज नाही, शेवटचं पाणी तेवढं मऊ असलं की वाळताना मागे राहणारे क्षार कमी होतात. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुऊन गेले की पुढचं पागोळीचं पाणी भरून ठेवा, तेही मऊ असतं. आणि शॉवरला लावायचे जे छोटे गाळणीवजा फिल्टर मिळतात त्यांच्यावर पैसे घालण्याआधी विचारा, आत रेझिन (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारे बारीक मणी) आहे का आणि ते मिठाने पुन्हा चार्ज करता येतं का. नसेल तर क्लोरीन आणि गाळ काढण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, कठीणपणा तसाच राहतो.

आता मास्क. बुधवार बंद. आठवड्यातून एकदाच, रविवारी, शॅम्पूनंतर.

शॅम्पू फक्त डोक्याच्या त्वचेवर चोळा. खाली ओघळणारा फेस लांबीला पुरतो. धुऊन झाल्यावर केस मुठीत धरून निथळवा आणि जुना मऊ पंचा पाच मिनिटं गुंडाळून ठेवा. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसू नका. पंचा काढल्यावर एक बट उचलून धरा. थेंब पडत असेल तर अजून थांबा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग ‘मास्क लागतच नाही’ म्हणतात. पाणी गळणाऱ्या केसांवर मास्क पातळ होऊन पाठीवरून मोरीत जातो. अगदी वाळलेल्या केसांवर तो पसरत नाही, गोळे राहतात. केस ओलसर हवेत, ओलेचिंब नकोत.

तुमच्या लांबीला आणि दाटपणाला ४० ते ५० ग्रॅम मास्क लागेल, म्हणजे २०० ग्रॅमचा डबा चार किंवा पाच वेळा. खांद्यापर्यंतच्या केसांना यातला निम्माच पुरतो. डब्यात ओली बोटं घालू नका, आतलं खराब होतं. चमच्याने वाटीत काढून घ्या. केसांचे चार भाग करा: मधून भांग पाडून डावे-उजवे, मग प्रत्येकाचे कानाच्या रेषेत पुढे-मागे. कानाच्या पाळीच्या वर मास्क लावायचाच नाही. प्रत्येक भागाला आधी टोकाची वीतभर, मग मधला भाग, आणि हाताला जे राहील ते पाळीपर्यंत. बट दोन तळव्यांत धरून, हात वरून खाली सरकवत लावा. खालून वर चोळलं की कौलांच्या उलट दिशेने हात जातो आणि गुंता होतो. हायलाइटच्या बटांना शेवटी बोटभर मास्क वेगळा लावा. त्या बटांना इतर केसांपेक्षा भूक जास्त आहे, आणि तुमच्या डोक्यावर खरी गरज आहे ती तिथे.

मग मोठ्या दातांचा कंगवा. टोकापासून सुरुवात करा, चार बोटं सोडवली की त्याच्या वरची चार बोटं. केस तुटतात त्यातले पुष्कळ इथे तुटतात. ओला केस सुमारे १५ टक्के जाड होतो आणि सहज ताणला जातो. वरून ओढलेला कंगवा गुंत्याला अडकला की केस रबरासारखा ताणून तुटतो. मास्कच्या निसरडेपणात गुंता सुटतो तेवढा इतर कधीच सुटत नाही, म्हणून गुंता काढायची वेळ हीच.

केस सैल गुंडाळून वर क्लिप लावा, शॉवर कॅप किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी घाला आणि त्यावर गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला टॉवेल. हाताला सोसेल इतकाच गरम. १५ ते २० मिनिटं. टॉवेल निवला तर एकदा बदला. उबेमुळे मास्कमधला मेणचट भाग मऊ होऊन नीट पसरतो, एवढंच तिचं काम. ड्रायरची कडक हवा कॅपवर मारत बसायचं कारण नाही.

आणि हो, मुरण्याचं. मास्क म्हणजे कैरीचं लोणचं नव्हे. धन भाराचे रेणू केसाला चिकटतात ते मुख्यतः पहिल्या काही मिनिटांत. जागा भरल्या की भरल्या, पुढचे सात तास नुसताच लेप बसून असतो. उलट केस रात्रभर ओले राहून फुगलेले राहतात. दर आठवड्याला असं फुगणं आणि वाळणं ब्लीच केलेल्या केसांना सोसत नाही, ते हळूहळू लिबलिबीत होतात. टोपीखालच्या उबदार ओलीत डोक्याची त्वचाही कुरकुरते: खाज, कोंडा, कधी बारीक पुळ्या. तुमच्या मुळाशी जो चिप्पपणा आहे त्याचं मोठं कारण ही बुधवारची रात्र आहे.

धुताना कोमट पाणी. किती धुवायचं हे बोटांना कळतं. केस बुळबुळीत लागले तर अजून मास्क आहे, करकर आवाज आला तर जास्त धुतलं. मधली स्थिती म्हणजे बोट न अडकता सरकतं पण चिकटत नाही. त्यानंतर तांब्याचं मऊ पाणी. पाठीवर किंवा कपाळाच्या कडेला पुळ्या येत असतील तर केस धुऊन वर बांधा आणि मग अंगाला साबण लावा. पाठीवर ओघळलेला मास्क तसाच राहिला की त्या येतात. केस ओलसर असताना दोन-तीन थेंब खोबरेल तळहातावर पसरून फक्त टोकांना लावा.

घरचा की विकतचा, यावर घराघरांत भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर. अंड्यातलं प्रथिन केसाच्या आत जाण्याइतकं लहान नसतं. विकतच्या मास्कमध्ये ‘हायड्रोलाइज्ड’ प्रथिन असतं, म्हणजे त्याचे मुद्दाम बारीक तुकडे केलेले असतात. अंड्याचे तसे तुकडे वाटीत फेटून होत नाहीत. वर गरम पाण्याने धुतलंत तर केसांत भुर्जी. केळ्याचा गर कितीही घोटला तरी तंतू राहतात आणि वाळल्यावर ते केसांत दिसतात. दही सौम्य आंबट आणि थोडं स्निग्ध, त्यामुळे त्याने वीस मिनिटांत केस जरा मऊ लागतात. वाईट नाही, पण ब्लीच केलेल्या बटांना पुरणारं नाही. तिन्ही एकत्र करून काही वाढत नाही, वास तेवढा वाढतो.

घरचं करायचंच असेल तर जवस करा. दोन टेबलस्पून जवस ४०० मिलिलिटर आरओच्या पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळा, सतत ढवळत. पळी उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की लगेच गॅस बंद आणि गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळा. निवल्यावर गाळायला गेलात तर तो गोळा कापडातून हलत नाही, पातेलं वाया. हा जेल फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. लाटदार केसांना वळण धरायला आणि वाळल्यावर पिंजारू नयेत म्हणून तो उत्तम. मेथीचं तसंच: दोन टेबलस्पून मेथी वाटीभर पाण्यात रात्रभर भिजवून, वाटून, गाळूनच. न गाळता लावली तर पुढचे दोन दिवस उशीवर मेथी. ही सगळी निसरडेपणा देणारी द्रव्यं आहेत, मास्कची जागा ती घेत नाहीत. मास्कच्या वाटीत जेल कालवू नका, गुठळ्या होतात. मास्क धुतल्यावर ओलसर केसांना जेल लावा.

विकतचा घेताना डब्याच्या पुढच्या बाजूचं काहीही वाचू नका. मागची घटकांची यादी बघा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या पाच-सहांत पाण्यानंतर सिटिअरिल अल्कोहोल किंवा सिटिल अल्कोहोल, आणि बेहेनट्रिमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड दिसलं पाहिजे. अल्कोहोल हे नाव वाचून दचकू नका, ही मेणासारखी स्निग्ध द्रव्यं आहेत, केस कोरडे करणारं ते दुसरं. फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवणारं द्रव्य एक टक्क्याच्या वर वापरत नाहीत, म्हणून यादीत त्याच्या नंतर आलेले आर्गन, जास्वंद, बदाम सगळे नावाला एकेक थेंब. डब्याच्या चित्रावर मात्र तेच मोठे असतात. सिलिकोनला घाबरायचं कारण नाही. अमोडिमेथिकोन हा त्यातलाच प्रकार तर खराब झालेल्या जागी आपोआप जास्त बसतं, आणि तीन आठवड्यांचा तुमचा शॅम्पू त्याचा साठलेला थर सांभाळून घेईल. हायड्रोलाइज्ड केराटिन किंवा गव्हाचं प्रथिन असलेला मास्क चार आठवड्यांतून एकदा घ्या, दर रविवारी नको. जास्त झालं तर केस कडक होतात.

ते जास्त झालं की कमी, हे बघायचं असेल तर हायलाइटच्या बटेतला एक गळलेला केस ओला करून दोन्ही टोकांना धरा आणि हळू ताणा. थोडा ताणून परत आला तर ठीक. च्युइंगमसारखा लांबत गेला आणि परत आला नाही तर प्रथिनाची गरज आहे. न ताणता टणकन तुटला तर प्रथिन थांबवा, साधा मास्क चालू ठेवा. ग्लासभर पाण्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो हे बघण्याची जी पद्धत फिरते तिच्या नादी लागू नका. केसावर तेलाचा अंश असला तरी तो तरंगतो.

तेल सोडायचं नाही, फक्त त्याचं प्रमाण आणि वेळ बदलायची. २००३ मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुताना आणि विंचरताना केसातून जाणारं प्रथिन खोबरेलाने कमी झालं, बाकीच्या दोघांनी नाही. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनही कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केस फुगणं कमी होतं. म्हणजे तेलाची खरी जागा धुण्याच्या आधी. पण ‘भरपूर’ नको. दोन छोटे चमचे, तेही लांबीला, शॅम्पूच्या दोन तास आधी किंवा आदल्या रात्री. डोक्यात कोंडा असेल तर मुळाशी तेल अजिबात नको. कोंड्यामागची मॅलेसिझिया नावाची बुरशी स्निग्ध पदार्थांवरच जगते.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे, तेवढं त्यांना मोकळेपणी सांगा. शिकेकाईची जड पाण्यात साबणासारखी साका होत नाही आणि तुमच्या डोक्यावर चाललंय ते खरंच फार चाललंय. पण शिकेकाई स्वच्छ करते, जुने क्षार काढत नाही आणि टोकांना थरही देत नाही. भुकटी थेट लावली तर तिचे कण कौलांवर घासतात. एक रविवार शेंगा उकळून, गाळून, पाण्यासारखी वापरा आणि मागून टोकांना मास्क लावा, म्हणजे घरात शांतताही राहील. फक्त हायलाइट झाकायला कुणी मेंदी सुचवली तर नको म्हणा. ब्लीच केलेल्या बटेवर मेंदी झणझणीत नारिंगी चढते आणि उतरत नाही.

गळण्याबद्दल. पुढच्या धुण्याला कंगव्यातले वीसेक केस पांढऱ्या कागदावर मांडा. एका टोकाला खसखशीपेक्षाही बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून आलेला, आयुष्य संपलेला केस. असे दिवसाला ५० ते १०० गळणं नेहमीचं, आणि लांब केसांचा झुबका मोठा दिसतो. दोन्ही टोकं नुसतीच आणि लांबी अर्धवट असेल तर तो तुटलेला केस. तुटणं मास्कने आणि कंगव्याच्या शिस्तीने कमी होतं, मुळापासून गळणं मास्कने तसूभरही बदलत नाही. गाठवाले केस एकाएकी खूप वाढले असतील, भांग रुंदावला असेल किंवा थकवा असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा; ते बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगतील.

टोकांना फुटलेले फाटे कुठल्याही डब्याने सांधले जात नाहीत. शेवटची पाच सेंटीमीटर आताच कापा, उरलेली दहा पुढच्या वर्षभरात थोडीथोडी. या काळात सरळ करायची इस्त्री शक्यतो नको, आणि ओल्या केसांवर कधीच नको. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे धरतात आणि तो तिथेच तुटतो.

सहा रविवार हे करून बघा. पहिल्या धुण्यानंतर केस थोडे कोरडे वाटतील, कारण जुना थर निघालेला असतो. घाबरून जास्त मास्क लावू नका. तिसऱ्या-चौथ्या वेळी गुंता सोडवायला लागणारा वेळ कमी झालेला कळेल. केस मऊ पण पडेल, लोळागोळा वाटायला लागले तर मास्क पंधरा दिवसांवर न्या. आणि मे महिन्यात माहेरी जाल तेव्हा डबा लातुरातच राहू द्या. रत्नागिरीच्या मऊ पाण्यात शॅम्पू निम्माच घ्या, टोकांना साधं कंडिशनर तीन मिनिटं पुरेल. इथल्या मापाने तिथे मास्क लावलात तर केस पुन्हा चिप्प होतील.